लिलाव: कोकण किनाऱ्यावरचे पोर्तुगीज, त्यांचे युरोपीय स्पर्धक आणि गुलामांचा व्यापार

यवतमाळ जिल्ह्यातल्या बोरी अरबचा शेतकरी तूर किंवा सोयाबीन घेऊन बाजार समितीत जातो तेव्हा तिथे मालाचा लिलाव होतो. विदर्भात कुणी त्याला 'हर्रास' म्हणेल, पण सरकारी कागदांवर आणि वर्तमानपत्रांत शब्द असतो तो 'लिलाव'. हा शब्द मराठीत पोर्तुगीजांकडून आला. पोर्तुगीज भाषेत तो 'लेलांव' असा उच्चारतात, आणि त्यांच्याकडेही तो अरबीतून गेला असे कोशकार मानतात. बटाटा, पाव, चावी, पगार, इस्त्री, घमेले हे शब्द ज्या वाटेने आले, त्याच वाटेने हाही आला. बोरी अरबपासून समुद्र सुमारे पाचशे किलोमीटरवर आहे. शब्दांना एवढे अंतर फार नसते.

फरक एवढाच, की सोळाव्या शतकात गोव्यात ज्या बाजाराला हे नाव होते, तिथे अरबी घोडे, कापड आणि जडजवाहीर यांच्यासोबत माणसेही विकली जात.

गुलामांचा व्यापार म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर अमेरिकेतले कापसाचे मळे येतात. शाळेच्या पुस्तकातही तो धडा अमेरिकेच्या यादवी युद्धाजवळ असतो. पण ज्या पोर्तुगीजांनी हा व्यापार युरोपसाठी सुरू केला, त्यांची आशियातली राजधानी गोवा होती. चौल आणि वसई ही त्यांची मोठी ठाणी आजच्या महाराष्ट्रात होती. म्हणून या व्यापाराचा एक भाग आपल्या किनाऱ्याचाच इतिहास आहे.

सुरुवात कुठून झाली?

पोर्तुगाल हा युरोपच्या पश्चिम टोकाचा छोटा देश. पंधराव्या शतकात त्याची जहाजे आफ्रिकेच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे सरकू लागली. त्यांना सोने हवे होते आणि मसाल्यांच्या देशाकडे जाणारा, मधल्या मुसलमान राज्यांना वळसा घालणारा रस्ता हवा होता. वाटेत माणसे पकडणे आणि विकत घेणे हाही धंदा झाला. १४४४ साली पोर्तुगालमधल्या लागोश बंदरात २३५ आफ्रिकी माणसे उतरवून त्यांची वाटणी केली गेली. आई एका मालकाकडे आणि मूल दुसऱ्याकडे गेल्याची नोंद राजाच्याच बखरकाराने करून ठेवली आहे. १४५२ आणि १४५५ मध्ये पोपने काढलेल्या फर्मानांनी पोर्तुगालच्या राजाला गैरख्रिस्ती लोकांना जिंकण्याची आणि गुलाम करण्याची धर्माची मुभा दिली. १४९४ च्या तोर्देसिलासच्या तहाने स्पेन आणि पोर्तुगालने नकाशावर रेघ ओढून युरोपबाहेरचे जग आपापसांत वाटून घेतले. ज्यांचे जग वाटले जात होते त्यांना हे कळायला काही वर्षे लागली.

वास्को द गामा मे १४९८ मध्ये कालिकतजवळ पोहोचला. १५१० मध्ये अल्बुकर्कने आदिलशाहीकडून गोवा घेतले. चौलला पोर्तुगीजांचा किल्ला १५२१ मध्ये उभा राहू लागला. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई, साष्टी आणि मुंबईची बेटे त्यांना दिली.

एवढ्या थोड्या लोकांनी समुद्र ताब्यात कसा ठेवला? जमिनीवर त्यांची ताकद बेताचीच होती. किल्ल्याच्या तटापलीकडे कोसभर गेले की दुसऱ्याचे राज्य लागायचे. पण त्यांच्या जहाजांवर तोफा होत्या, आणि त्या तोफांच्या जोरावर त्यांनी 'कार्ताझ' नावाचा परवाना सुरू केला. अरबी समुद्रात व्यापारी जहाज न्यायचे तर हा परवाना घ्यायचा आणि पोर्तुगीज नाक्यावर जकात भरायची. परवाना नसेल तर जहाज लुटले जायचे आणि त्यावरची माणसे कैद व्हायची. असे कैदी गोव्याच्या बाजारात पोहोचण्याची ही एक सरळ वाट होती.

गोव्याच्या रस्त्यावर काय चालायचे?

यान हायगेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात आर्चबिशपचा चिटणीस म्हणून राहिला. पुढे त्याने लिहिलेल्या पुस्तकात शहराच्या मुख्य रस्त्याचे, रुआ दिरैताचे वर्णन आहे. रविवार आणि सणाचे दिवस सोडले तर तिथे रोज सकाळी सात ते नऊ लिलाव भरायचा. शहरातले प्रतिष्ठित लोक तिथे जमायचे. आपल्याकडे जनावरे विकतात तशी इथे म्हातारी-तरुण, बाया-पुरुष अशी माणसे विकतात, या अर्थाचे तो लिहितो. पिरार द लाव्हाल हा फ्रेंच खलाशी १६०८ ते १६१० मध्ये गोव्यात होता. विकायला आणलेल्या मुलींना शिवणकाम, भरतकाम, गोड पदार्थ करणे, वाद्य वाजवणे काय काय येते हे ओरडून सांगितले जायचे, असे त्याने नोंदवले आहे.

ही माणसे सगळी आफ्रिकी नव्हती. मोझांबिकच्या किनाऱ्यावरून आणलेले आफ्रिकी होतेच, पण त्यांच्याबरोबर बंगाल, मलबार, कोरोमंडल इथले लोक होते, मलाक्का आणि जावाकडचे होते, चिनी आणि जपानीही होते. जपानी माणसांना गुलाम करू नये असा हुकूम पोर्तुगालच्या राजाला १५७० च्या दशकाच्या सुरुवातीला काढावा लागला. तो पूर्वेकडे फारसा पाळला गेला नाही.

या गुलामांना काय काम होते? अमेरिकेसारखे ऊस-कापसाचे प्रचंड मळे इथे नव्हते. गोव्यातला गुलाम प्रामुख्याने घरातला होता. पाणी भरणे, स्वयंपाक, मालकाची पालखी, त्याच्या डोक्यावरची छत्री, बाजारात फिरून लोणची-मिठाई विकून मालकाला पैसे आणून देणे ही कामे असत. बायकांवर लैंगिक जबरदस्ती होत असे, आणि ती इतकी उघड होती की पाद्रीच त्याबद्दल तक्रारी लिहीत. पोर्तुगीज सरदार रस्त्याने निघाला की मागे किती गुलाम चालतात यावर त्याची पत ठरायची. जहाजांवर, दारूच्या कारखान्यात आणि लढाईतही गुलाम वापरले जात. १५७०-७१ मध्ये आदिलशहाने गोव्याला आणि निजामशहाने चौलला एकाच वेळी वेढा घातला. पोर्तुगीज माणसे हातावर मोजण्याएवढी, तेव्हा तटावर आफ्रिकी गुलामही उभे होते.

या सगळ्याला कायद्याचा आधार लागायचा. न्याय्य युद्धात पकडलेला, दुष्काळात आईबापांनी किंवा स्वतःच स्वतःला विकलेला, किंवा गुलाम आईच्या पोटी जन्मलेला माणूस 'रीतसर' गुलाम, असे पोर्तुगीज धर्मपंडित मानत. युद्ध न्याय्य होते की नाही हे मात्र पकडणाराच ठरवायचा. दुसरा नियम अधिक बोलका आहे. हिंदू किंवा मुसलमान मालकाचा गुलाम ख्रिस्ती झाला तर तो त्या मालकाच्या हातून सुटायचा. ख्रिस्ती मालकाचा गुलाम बाप्तिस्मा घेऊनही गुलामच राहायचा.

पण गुलामी तर आधीपासून होती ना?

होती, आणि हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. अरब आणि गुजराती व्यापारी तांबड्या समुद्राच्या वाटेने पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीपासून इथिओपियाकडची माणसे भारतात आणत होते. त्या प्रदेशाला अरबीत 'हबश' म्हणत, त्यावरून आपला 'हबशी' शब्द आला. दख्खनच्या सुलतानांना असे परके, ज्यांचे इथे गोत नाही असे सैनिक हवे असत.

याच वाटेने आलेला सर्वांत मोठा माणूस म्हणजे मलिक अंबर. साधारण १५४८ मध्ये इथिओपियात जन्मलेला, लहानपणी विकला गेलेला आणि हात बदलत बदलत निजामशाहीचा पेशवा चंगेझखान याच्या पदरी आलेला. याच चंगेझखानाच्या कारभारात १५७४ मध्ये निजामशहाने इमादशाही बुडवली आणि वऱ्हाड अहमदनगरला जोडले. म्हणजे आजच्या यवतमाळ-अमरावतीचा मुलूख निजामशाहीत आला तेव्हा अंबर त्या पेशव्याच्या पदरी होता. पुढे तो स्वतः निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. १६१० मध्ये त्याने खडकी म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर वसवले, आणि १६२६ मध्ये मरेपर्यंत मुघलांना दख्खनेत सुखाने झोपू दिले नाही. जंजिऱ्याचे सिद्दी याच हबशी परंपरेतले. मराठी कागदांत त्यांच्या मुलुखाला 'हबसाण' म्हणतात आणि त्यांचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले.

मलिक अंबरचे उदाहरण देऊन 'आपल्याकडची गुलामी सौम्य होती' असे म्हणणारे बरेच भेटतात. एका अंबरमागे वाटेत मेलेली आणि नाव न उरलेली किती मुले होती, हा प्रश्न त्यात राहून जातो. पेशवाईतही कुणबिणी आणि बटकी विकत घेतल्या जात, त्यांच्या खरेदी-विक्रीची नोंद दफ्तरात सापडते. पण एक फरक खरा आहे. दख्खनेत हबशी गुलामाला सरदार होण्याची वाट, अरुंद का होईना, उघडी होती. गोव्यात ती नव्हती. पोर्तुगीजांनी आणखी एक गोष्ट केली. त्यांनी आशियातला जुना व्यापार त्यांच्या जगभर पसरलेल्या जहाजांच्या जाळ्याला जोडला. त्यामुळे बंगालच्या खाडीत पकडलेला माणूस लिस्बनला किंवा मेक्सिकोला पोहोचू शकला. मेक्सिकोतल्या पुएब्ला शहरात १६८८ मध्ये वारलेली कातारिना दे सान हुआन ही बाई मूळची भारतातली. पोर्तुगीज चाच्यांनी तिला मुलगी असताना पळवले आणि ती कोचीन आणि मनिलामार्गे तिथवर विकली गेली होती.

डच आणि इंग्रज आले, मग काय बदलले?

१५८० मध्ये पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे गेली, आणि स्पेनचे शत्रू तेच पोर्तुगालचे शत्रू झाले. त्यांतला सर्वांत चिवट शत्रू होता हॉलंड. लिन्सखोटेनने गोव्यात राहून जमवलेली सागरी मार्गांची माहिती १५९५-९६ मध्ये छापली गेली. पोर्तुगीजांनी शंभर वर्षे लपवून ठेवलेला रस्ता आता पुस्तकाच्या दुकानात मिळू लागला. १६०० मध्ये इंग्रजांची आणि १६०२ मध्ये डचांची ईस्ट इंडिया कंपनी निघाली.

पुढच्या साठ वर्षांत पोर्तुगीजांची ठाणी एकेक करून गेली. १६२२ मध्ये इराणच्या शहाने इंग्रज जहाजांच्या मदतीने होर्मुझ घेतले. १६४१ मध्ये मलाक्का, १६५६ मध्ये कोलंबो आणि १६६३ मध्ये कोचीन डचांकडे गेले. डचांनी १६३७ मध्ये वेंगुर्ल्याला वखार घातली. गोव्याच्या नदीचे तोंड अडवून बसलेल्या त्यांच्या आरमाराला धान्य-पाणी आणि बातम्या पुरवायला ती जागा सोयीची होती. त्या वखारीचे पडके अवशेष वेंगुर्ल्यात आहेत. मस्कतच्या अरबांनीही पोर्तुगीजांना हुसकावले. १६७४ मध्ये त्यांनी थेट वसईच्या आसपास उतरून लुटालूट केली, आणि १६९८ मध्ये मोंबासाचा किल्ला घेतला. डचांपासून वाचण्यासाठी इंग्रजांची मैत्री हवी म्हणून पोर्तुगालने १६६१ मध्ये राजकन्या कॅथरिनच्या लग्नात मुंबई देऊ केली. १६६५ मध्ये ती प्रत्यक्ष इंग्रजांच्या ताब्यात आली.

हे भांडण मसाल्यांचे होते तसेच माणसांचेही होते. डचांनी पोर्तुगीजांकडून ब्राझीलमधला उसाचा मुलूख घेतला, तेव्हा त्यांना लगेच लक्षात आले की मजुरांशिवाय उसाला किंमत नाही. म्हणून त्यांनी १६३७ मध्ये आफ्रिकेतला एल्मिनाचा किल्ला आणि १६४१ मध्ये अंगोलातले लुआंडा घेतले. लुआंडा आणि ब्राझील पोर्तुगीजांनी परत मिळवले, आणि पुढे अटलांटिकपार सर्वांत जास्त माणसे त्यांनीच नेली. साडेतीनशे वर्षांत आफ्रिकेतून अमेरिकेकडे निघालेल्या जहाजांवर सुमारे सव्वा कोटी माणसे चढवली गेली. त्यांतली सुमारे ५८ लाख पोर्तुगाल आणि ब्राझीलच्या जहाजांवर होती.

आशियात मालक बदलला, गुलामांचे हाल तसेच राहिले. डचांनी बंगाल, कोरोमंडल आणि मलबारातून माणसे बटाव्हियाला, श्रीलंकेला आणि आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला नेली. १६५२ ते १८०८ या काळात केप वसाहतीत सुमारे ६३ हजार गुलाम आणले गेले आणि त्यांतले जवळपास पाव भारतीय उपखंडातले होते. आज केपटाउनमध्ये 'केप मलाय' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या समाजात त्यांचेही वंशज आहेत. इंग्रज कंपनी मादागास्करची माणसे सेंट हेलेना आणि सुमात्राकडे नेत होती. आणि कधीकधी या भांडणात गुलामच निर्णायक ठरले. १६२२ मध्ये डच मकावमध्ये उतरले तेव्हा तिथल्या पोर्तुगीजांच्या आफ्रिकी गुलामांनी त्यांना परतवून लावले. त्यांतल्या काहींना बक्षीस म्हणून तिथेच मोकळे केले गेले.

इथल्या सत्तांनी काय केले?

बंगालमध्ये हुगळीच्या पोर्तुगीजांवर शाहजहानने १६३२ मध्ये फौज पाठवली, त्याच्या कारणांत माणसे पळवण्याचा धंदा होता. चितगावच्या बाजूला पोर्तुगीज आणि आराकानी चाचे नदीकाठची गावेच्या गावे उचलून नेत. तो तळ शाहिस्तेखानाने १६६६ मध्ये मोडला. पुण्यात लाल महालात बोटे गमावलेला शाहिस्तेखान तो हाच. मराठी वाचकाला त्याची ही बाजू सहसा ठाऊक नसते.

शिवाजी महाराजांचा हुकूम त्याहून स्पष्ट आहे. १६७७ च्या कर्नाटक मोहिमेत त्यांनी कोरोमंडल किनाऱ्यावरच्या डचांना व्यापारासाठी कौल दिला. त्यात एक कलम गुलामांविषयी होते. आधीच्या मुसलमानी अंमलात तुम्हाला इथे स्त्री-पुरुष गुलाम विकत घेऊन नेता येत होते, पण हा मुलूख माझ्याकडे आहे तोवर ते करता येणार नाही, आणि केल्यास माझी माणसे अडवतील, असा त्याचा आशय. ही नोंद डचांच्याच दफ्तरात राहिली. व्यापार हवा, जकात हवी, पण रयत नेऊ देणार नाही, असा तो व्यवहार होता. संभाजी महाराजांनी १६८४ मध्ये इंग्रजांशी केलेल्या करारातही आपल्या मुलुखातली माणसे गुलाम करण्यासाठी किंवा ख्रिस्ती करण्यासाठी विकत घेऊ नयेत, अशी अट होती. घरातल्या कुणबिणींची प्रथा त्यामुळे बंद झाली नाही, हे वर आलेच आहे. पण परदेशी जहाजांवर रयतेची माणसे चढू न देण्याचा निर्णय राज्यकर्त्याने लेखी घातला, ही त्या काळात सर्रास दिसणारी गोष्ट नव्हती.

चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये वसई घेतली, १७४० मध्ये चौलही मराठ्यांकडे आले आणि उत्तर कोकणातले पोर्तुगीज राज्य संपले. चौलजवळच्या कोर्लई गावात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली बोली मात्र आजही थोडी कुटुंबे बोलतात.

व्यापार संपला कसा?

हळूहळू, आणि नाखुशीने. अठराव्या शतकात आणि एकोणिसाव्याच्या सुरुवातीला दीव आणि दमणचे व्यापारी गुजरातचे सुती कापड मोझांबिकला नेत आणि परतताना हस्तिदंत आणि त्याबरोबर काही गुलाम आणत. मोझांबिकहून भारतात येणाऱ्यांची संख्या अटलांटिकच्या तुलनेत थोडी होती, वर्षाला शेकड्यांत मोजावी इतकी. त्याच कापडाच्या बदल्यात आफ्रिकेत घेतलेली माणसे ब्राझीलला आणि हिंदी महासागरातल्या फ्रेंच बेटांवर जात, ती कितीतरी जास्त. म्हणजे आपल्या बाजूचा कापूस आणि विणकाम या व्यवहारात चलन होते.

ब्रिटनने १८०७ मध्ये गुलामांचा व्यापार बंद केला, आणि भारतातल्या कंपनीच्या मुलुखात गुलामीला कायद्याची मान्यता १८४३ मध्ये काढून घेतली. पोर्तुगालने व्यापारबंदीचा हुकूम १८३६ मध्ये काढला. १८६९ मध्ये पोर्तुगीज वसाहतींतले सगळे गुलाम 'मुक्त' ठरले, पण त्यांनी काही वर्षे जुन्याच मालकाची चाकरी करायची, अशी त्यात पाचर होती.

ब्रिटिश आरमार अरबी समुद्रात गुलामांची गलबते पकडू लागले, तेव्हा सोडवलेली माणसे मुंबईत उतरवली जात. त्यांतल्या काही मुलांना नाशिकजवळ शरणपूरच्या मिशन वसाहतीत ठेवले गेले. तिथे त्यांना सुतारकाम, लोहारकाम आणि इंग्रजी शिकवत. १८६६ मध्ये मुंबईहून आफ्रिकेला निघालेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टनने या शाळेतले नऊ तरुण बरोबर घेतले होते. १८७३ मध्ये तो मध्य आफ्रिकेत वारला. त्याचे शव किनाऱ्यापर्यंत वाहून नेणाऱ्यांत जेकब वेनराइट होता, गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हातून सुटून नाशिकला शिकलेला. १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या अंत्यविधीत शवपेटीबरोबर चालणाऱ्यांत तोही होता. पूर्व आफ्रिकेत अशा मुलांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. १८७५ च्या सुमारास त्यांतले बरेच जण मोंबासाजवळ फ्रेअरटाउन या वस्तीत गेले. मुंबईच्या माजी गव्हर्नरचे, बार्टल फ्रेअरचे नाव त्या वस्तीला दिले आहे.

गोव्यातून पळालेल्यांची वाट वेगळी होती. ते सह्याद्री चढून घाटमाथ्यावरच्या जंगलात शिरले, कारण तिथे पोर्तुगीज शिपाई येत नसत. कर्नाटकात उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ आणि अंकोल्याच्या रानात राहणाऱ्या सिद्दी समाजातल्या अनेकांचे पूर्वज असे आले. त्यांच्यात हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती तिन्ही आहेत. घरात कोकणी बोलतात, बाजारात कन्नड, आणि बऱ्याच जणांना मराठीही येते. काही घरांत फर्नांडिससारखी पोर्तुगीज आडनावे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या सुपारीच्या बागेत मजुरी आणि जंगलातला मध गोळा करणे हा त्यांचा चरितार्थ. उत्तर कन्नडमधल्या सिद्दींचा अनुसूचित जमातींच्या यादीत समावेश झाला तो २००३ मध्ये.